व्यक्तीकडून संस्थेकडे, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात : स्थावर संपदा एजंटांच्या नोंदणीचे बदलते नियम

बंगळूरु : घरांच्या खरेदी-विक्रीत मध्यस्थी करणाऱ्या एजंटाला आपला परवाना वरच्या श्रेणीत न्यायचा असेल, तर त्याची पहिली अडचण कायद्याच्या शब्दांपाशीच सुरू होते. भारतीय कायद्यात अशी श्रेणीच नाही. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६, म्हणजेच बोलीभाषेतील ‘रेरा’, एजंटाला परवाना देत नाही; तो त्याची नोंदणी करतो. ही नोंदणी एका राज्यापुरती, ठरावीक मुदतीची आणि एका विशिष्ट अर्जदाराच्या नावाची असते. व्यवसाय वाढला, भागीदार आला, कंपनी स्थापन झाली किंवा शेजारच्या राज्यातील प्रकल्प विकायला घेतला, की जुना क्रमांक आपोआप पुढे चालत नाही. बंगळूरुत अनेक एजंटांना हे नियम नव्हे, तर नोटीस वाचल्यावर कळते.

कायदा येण्यापूर्वी चित्र वेगळे होते. कर्नाटकात घरांच्या मालकीविषयी १९७२ पासून कायदे होते आणि महाराष्ट्रात मोफा १९६३ पासून लागू होता. पण त्यांचा रोख बांधकाम करणाऱ्यावर होता. मध्यस्थ त्यांच्या चौकटीबाहेर राहिला. कोणीही पाटी लावावी, कार्ड छापावे आणि दलाल व्हावे, अशी स्थिती होती. हरियाणासारख्या एखाद्या राज्याने २००८ मध्ये मालमत्ता दलालांसाठी वेगळा कायदा केला, तोही अपवादच. संसदेने मार्च २०१६ मध्ये रेरा मंजूर केला. त्याची काही कलमे १ मे २०१६ पासून आणि उर्वरित १ मे २०१७ पासून अमलात आली. कर्नाटकाने आपले नियम १० जुलै २०१७ रोजी अधिसूचित केले आणि त्यानंतर मिशन रोडवरील कर्नाटक रेरा प्राधिकरणाच्या कार्यालयाकडे एजंटांचे अर्ज येऊ लागले.

नोंदणी कोणाला लागते

अधिनियमाच्या कलम २ मधील व्याख्या ऐसपैस आहे. मोबदला, शुल्क किंवा दलाली घेऊन, दुसऱ्याच्या वतीने भूखंड, सदनिका वा इमारतीच्या विक्रीची बोलणी करणारा, किंवा कोणत्याही माध्यमातून विक्रेता आणि ग्राहक यांची गाठ घालून देणारा, तो एजंट. त्याने स्वतःला दलाल म्हणावे, मध्यस्थ म्हणावे की सल्लागार, त्याने फरक पडत नाही. बंगळूरुत ‘चॅनल पार्टनर’ हा शब्द प्रतिष्ठेने वापरला जातो. कायद्याच्या दृष्टीने तोही एजंटच.

कलम ९ मात्र या व्याख्येला एक कुंपण घालते. नोंदणीशिवाय मध्यस्थी करण्यास जी मनाई आहे, ती रेराखाली नोंदलेल्या प्रकल्पांतील विक्रीपुरती आहे. ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक जमिनीवरील किंवा आठपेक्षा अधिक सदनिकांच्या प्रकल्पाला नोंदणी बंधनकारक असते. भाड्याची घरे मिळवून देणाऱ्याला, किंवा वीस वर्षांपूर्वीच्या इमारतीतील जुनी सदनिका विकून देणाऱ्याला या कलमाचा थेट धाक नाही. बंगळूरुत भाड्याच्या घरांचा धंदा मोठा असल्याने दलालांचा एक मोठा वर्ग अजूनही नोंदणीबाहेर आहे आणि तो बेकायदाही नाही. अडचण येते ती सीमा ओलांडताना. भाड्याचे घर दाखवून देणारा तरुण त्याच भाडेकरूला पुढे सर्जापूर रस्त्यावरील नव्या प्रकल्पात सदनिका ‘दाखवून’ देतो आणि त्यावर दलाली घेतो, त्या दिवशी तो कलम ९ च्या कक्षेत येतो.

दंडाचा हिशेब साधा आणि जड आहे. कलम ६२ नुसार नोंदणीविना काम करणाऱ्या किंवा एजंटाची कर्तव्ये मोडणाऱ्यास कसूर सुरू असलेल्या प्रत्येक दिवसाला १०,००० रुपये दंड होतो आणि तो ज्या मालमत्तेची विक्री घडवून आणली तिच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. उदाहरणार्थ, ८० लाख रुपयांच्या सदनिकेवर ही मर्यादा ४ लाख रुपये होते आणि ती चाळीस दिवसांत गाठली जाते. त्याच व्यवहारात २ टक्के दलाली धरली तर एजंटाच्या हाती येतात १ लाख ६० हजार. मिळकतीच्या अडीच पट दंड, तोही एका सदनिकेमागे.

कर्नाटकातील अर्ज आणि शुल्क

कर्नाटकातील अर्ज ऑनलाइन भरला जातो. नमुना ‘जी’ मध्ये व्यवसायाचे नाव, पत्ता आणि स्वरूप, म्हणजे एकट्याची पेढी, भागीदारी, सहकारी संस्था की कंपनी, हे लिहावे लागते. संस्था असेल तर तिची नोंदणी, घटनापत्रे आणि भागीदारांची वा संचालकांची छायाचित्रे जोडावी लागतात. पॅन कार्डाची प्रत, व्यवसायाच्या जागेचा पुरावा आणि मागील तीन वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रे मागितली जातात. प्राधिकरणाने तीस दिवसांत निर्णय द्यावा, अशी अपेक्षा आहे. अर्ज फेटाळायचा असल्यास अर्जदाराला म्हणणे मांडण्याची संधी द्यावीच लागते. मुदतीत काहीच कळवले नाही, तर नोंदणी झाली असे कायदा मानतो. फेटाळणीविरुद्ध अपिलीय न्यायाधिकरणाकडे साठ दिवसांत दाद मागता येते.

नोंदणी झाली की नमुना ‘एच’ मध्ये प्रमाणपत्र आणि एक क्रमांक मिळतो. प्रमाणपत्राची मूळ प्रत मुख्य कार्यालयात आणि नक्कल प्रत्येक शाखेत लावावी लागते. क्रमांक प्रत्येक जाहिरातीत आणि विक्रीच्या प्रत्येक कागदावर छापावा लागतो. कर्नाटकात एजंटाच्या क्रमांकात ‘एजी’ आणि प्रकल्पाच्या क्रमांकात ‘पीआर’ ही अक्षरे असतात. महाराष्ट्रात एजंटाचा क्रमांक ‘ए’ ने आणि प्रकल्पाचा ‘पी’ ने सुरू होतो. हा तपशील किरकोळ वाटेल. पण जाहिरातीत ‘रेरा मान्यताप्राप्त’ असे ठळक छापून खाली केवळ एजंटाचा क्रमांक दिलेला असेल, तर प्रकल्प नोंदलेला आहे की नाही हे त्यावरून मुळीच कळत नाही, ही गोष्ट ग्राहकाच्या लक्षात या अक्षरांमुळेच येऊ शकते.

कर्नाटकाच्या नियमांनी नोंदणी शुल्क व्यक्तीसाठी २५,००० रुपये आणि व्यक्तीखेरीज इतर अर्जदारांसाठी २ लाख रुपये ठरवले. महाराष्ट्रात हेच शुल्क अनुक्रमे १०,००० आणि १ लाख रुपये ठेवले गेले. केंद्राच्या नमुना नियमांपेक्षा कर्नाटकाचे शुल्क बरेच जास्त आहे. नवशिक्या दलालाला २५,००० रुपये ही पहिल्याच पायरीवरची मोठी रक्कम वाटते आणि एखाद्या मोठ्या पेढीच्या क्रमांकाखाली काम करण्याची प्रथा त्यातूनच वाढली.

या प्रथेत धोका आहे. पेढीचा पगारी कर्मचारी पेढीच्या वतीने बोलतो, तेव्हा एजंट ही पेढीच असते. पण स्वतःचा ग्राहक आणून, स्वतःच्या नावाने दलालीचा वाटा घेणारा उपदलाल पगारी नोकर नव्हे. व्याख्येचे शब्द त्याला सरळ लागू पडतात. दुसऱ्याचा क्रमांक उसना घेऊन धंदा करता येतो, असे कायद्यात कोठेही म्हटलेले नाही.

‘श्रेणीवाढ’ म्हणजे प्रत्यक्षात नवी नोंदणी

आता ज्याला सर्वसाधारणपणे परवान्याची श्रेणीवाढ म्हटले जाते, त्या प्रश्नाकडे येता येईल. एकट्याच्या नावाने नोंदलेल्या एजंटाने दोन-तीन वर्षांत जम बसवला, एक भागीदार घेतला आणि भागीदारी संस्था किंवा खासगी मर्यादित कंपनी काढली, की कायद्याच्या नजरेत एक नवी व्यक्ती जन्माला येते. तिचा पॅन वेगळा, खाते वेगळे, जबाबदारी वेगळी. जुने प्रमाणपत्र तिच्या नावावर वळवता येत नाही. तिला नमुना ‘जी’ मध्ये नवा अर्ज करावा लागतो आणि व्यक्तीच्या नव्हे, तर संस्थेच्या दराने शुल्क भरावे लागते. कर्नाटकात हा फरक आठपट आहे, महाराष्ट्रात दहापट.

एकट्या मालकाची पेढी मात्र या बाबतीत व्यक्तीच समजली जाते, कारण पेढीला मालकापासून वेगळे कायदेशीर अस्तित्व नसते. म्हणून दुकानाचे नाव बदलणे आणि संस्थेचे स्वरूप बदलणे या दोन गोष्टींत गल्लत करू नये. पहिल्यात नोंदणीतील तपशिलाची दुरुस्ती पुरते. दुसऱ्यात सगळी प्रक्रिया नव्याने.

खरी गुंतागुंत मधल्या काळात होते. कंपनी स्थापन झाली, बँक खाते उघडले, बिल्डरशी दलालीचा करारही कंपनीच्या नावाने झाला. पण कंपनीचा रेरा क्रमांक अजून आलेला नाही. अशा काळात घडलेला व्यवहार व्यक्तीच्या जुन्या क्रमांकावर दाखवायचा आणि पैसे कंपनीच्या खात्यात घ्यायचे, हा मार्ग सोपा वाटतो आणि तोच सर्वांत वाईट आहे. ज्याने मध्यस्थी केली त्याचा क्रमांक आणि ज्याने मोबदला घेतला त्याचे नाव जुळत नाही. उद्या ग्राहकाने कलम ३१ खाली तक्रार केली, तर ती एजंटाविरुद्धही करता येते, आणि मग ही विसंगती कागदावरच सापडते. शहाणपणाचा क्रम उलटा आहे : आधी संस्थेचा क्रमांक, मग तिच्या नावाने करार, आणि तोवरचे सारे व्यवहार जुन्या नावाने, जुन्या खात्यात. जुन्या नोंदणीखालील हिशेबवह्या व कागद नंतरही जपून ठेवावे लागतात.

संस्था मोठी झाली की इतर कायद्यांचेही दार उघडते. वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपलीकडे गेली की वस्तू व सेवा करासाठी नोंदणी आणि दलालीवर १८ टक्के कर येतो. २८ डिसेंबर २०२० च्या अधिसूचनेनुसार २० लाख रुपये वा त्याहून अधिक उलाढालीचे स्थावर संपदा एजंट काळा पैसा प्रतिबंधक कायद्याखालीही आले. ग्राहकाची ओळख पटवून घेणे आणि नोंदी पाच वर्षे जतन करणे ही त्यांची जबाबदारी ठरली. एक दिलासा तेवढा मिळाला : दलालीतून कापला जाणारा उद्गम कर १ ऑक्टोबर २०२४ पासून ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आला. बिल्डरकडे महिनोन्महिने अडकणाऱ्या दलालीच्या धंद्यात हातात येणारे तीन टक्के थोडके नव्हेत.

राज्याची हद्द ओलांडताना

नोंदणी संपूर्ण राज्यासाठी असते, पण राज्यापुरतीच. बंगळूरुत नोंदलेला एजंट बेळगाव, निपाणी, बिदर वा मंगळूरु येथील प्रकल्प त्याच क्रमांकावर विकू शकतो. जिल्हा बदलला म्हणून वेगळी नोंदणी लागत नाही. मात्र इलेक्ट्रॉनिक सिटी ओलांडून अत्तिबेलेच्या पुढे गेले की काही मिनिटांत होसूर लागते आणि होसूर तामिळनाडूत आहे. बंगळूरुच्या बाजारात होसूरचे भूखंड सर्रास विकले जातात. त्यांसाठी तामिळनाडूच्या प्राधिकरणाची वेगळी नोंदणी हवी. ग्राहक बंगळूरुचा आहे, बोलणी बंगळूरुत झाली, धनादेशही बंगळूरुतच दिला, ही सबब उपयोगी पडत नाही, कारण प्रकल्प ज्या राज्यात नोंदलेला असतो त्या राज्याच्या प्राधिकरणाशी एजंटाची गाठ असते.

मराठी वाचकांना हाच प्रश्न दुसऱ्या सीमेवर भेटतो. निपाणी आणि कागल यांच्यात अंतर थोडे, व्यवहार रोजचे आणि नातीगोती दोन्हीकडची. बेळगावात बसून चंदगड किंवा कोल्हापूरकडील प्रकल्पाचे ग्राहक जमवणाऱ्याला महारेराची नोंदणी लागते, आणि कोल्हापुरातून बेळगावच्या प्रकल्पाची सदनिका विकणाऱ्याला कर्नाटकाची. गोव्यातील घरे पुणे-बेळगावच्या ग्राहकांना विकणाऱ्यांसाठी गोव्याचे प्राधिकरण तिसरे. बंगळूरुत नोकरीला असलेली अनेक मराठी कुटुंबे निवृत्तीसाठी पुण्यात किंवा कोल्हापुरात घर शोधतात. त्यांना ते घर बंगळूरुतील ओळखीच्या एजंटाने दाखवले, तर त्याच्याकडे महाराष्ट्राचा क्रमांक आहे का, हे विचारण्यात संकोच नसावा.

महाराष्ट्राने टाकलेले पाऊल

क्रमांक मिळवण्यासाठी कागद आणि शुल्क पुरे; ज्ञान असावे लागत नाही, ही या पद्धतीतील उणीव सुरुवातीपासून बोलली जात होती. कर्नाटकाच्या २०१७ च्या नियमांत शिक्षण, अनुभव किंवा परीक्षा यांची अट नव्हती. केंद्राच्या नमुन्यातही नव्हती. चटई क्षेत्र आणि बांधीव क्षेत्र यांतला फरक ज्याला सांगता येत नाही, तोही आयुष्यभराची बचत कोठे गुंतवावी याचा सल्ला देऊ शकत होता.

महारेराने १० जानेवारी २०२३ च्या आदेशाने हे बदलले. एजंटांसाठी वीस तासांचे प्रशिक्षण आणि त्यानंतर परीक्षा उत्तीर्ण होऊन मिळणारे सक्षमता प्रमाणपत्र बंधनकारक झाले. परीक्षा घेण्याचे काम बँक भरतीसाठी परिचित असलेल्या आयबीपीएस या संस्थेकडे गेले. पहिली परीक्षा २० मे २०२३ रोजी झाली. तिला ४२३ उमेदवार बसले आणि ४०५ उत्तीर्ण झाले. नव्या नोंदणीसाठी प्रमाणपत्र आवश्यक ठरलेच, पण आधीच नोंदलेल्या एजंटांनाही ते मिळवणे भाग पडले. त्यांच्यासाठीची १ सप्टेंबर २०२३ ही मुदत पुढे १ जानेवारी २०२४ पर्यंत वाढवण्यात आली.

अनेकांनी ही मुदत गांभीर्याने घेतली नाही. २०२४ मध्ये महारेराने प्रमाणपत्र न मिळवलेल्या सुमारे २०,००० एजंटांची नोंदणी एका वर्षासाठी स्थगित केली. त्या वर्षात प्रमाणपत्र मिळवून संकेतस्थळावर सादर करावे, अन्यथा नोंदणी कायमची रद्द होईल, असे बजावण्यात आले. या २०,००० जणांत धंदा सोडलेले किती आणि चालू धंदा अडकलेले किती, हा भेद संख्येतून दिसत नाही. पण ज्यांचा धंदा चालू होता, त्यांच्यासाठी पाच वर्षांचे वैध प्रमाणपत्र मधेच निरुपयोगी झाले. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. नोंदणीच्या वेळी असलेल्या अटी पूर्ण केल्या म्हणजे पुढील पाच वर्षे निश्चिंती, असे नाही. नियम करण्याचा अधिकार राज्य सरकारला कलम ८४ खाली आहे आणि प्राधिकरण कलम ३७ खाली एजंटांना बंधनकारक निर्देश देऊ शकते.

असे वळण इतरत्रही आलेले आहे. अमेरिकेत परवाने राज्यनिहाय आणि खरोखरच पायऱ्यांचे असतात. कॅलिफोर्नियात विक्रेत्याच्या परवान्यासाठी १३५ तासांचे अभ्यासक्रम लागतात. त्यावरील ब्रोकरच्या परवान्यासाठी आठ अभ्यासक्रम आणि दोन वर्षांचा अनुभव. इलिनॉय राज्याने २०११ मध्ये खालची पायरीच काढून टाकली. तेथील विक्रेत्यांना ३० एप्रिल २०१२ पर्यंत संक्रमणाची पूर्तता करून ब्रोकर व्हावे लागले, नाहीतर परवाना गमवावा लागला. महाराष्ट्रात जे घडले ते याच जातीचे आहे. फरक एवढाच, की तेथे पायरी चढल्यावर अधिकार वाढतात. येथे प्रमाणपत्र मिळवूनही एजंट पूर्वी होता तेथेच राहतो, केवळ राहू दिला जातो.

दोन राज्यांत काम करणाऱ्यांवर याचा थेट परिणाम होतो. बंगळूरुच्या एजंटाला पुण्यातील प्रकल्प विकायचे असतील, तर केवळ महाराष्ट्राचे शुल्क भरून भागत नाही; सक्षमता प्रमाणपत्र आधी मिळवावे लागते. उलट महाराष्ट्रातील प्रमाणपत्र कर्नाटकातील नोंदणीची जागा घेत नाही. शिकलेले ज्ञान मात्र दोन्हीकडे उपयोगी पडते, कारण मूळ अधिनियम एकच आहे. विक्री करारनामा नोंदवण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक रक्कम घेता येत नाही, हे कलम १३ बंगळूरुतही तेच आणि ठाण्यातही तेच. प्रकल्पाला नसलेली मंजुरी आहे असे सांगणे ही कलम १० नुसार अनुचित प्रथा, आणि नोंदणीच्या वेळी ग्राहकाला प्रकल्पाचे सर्व कागद उपलब्ध करून देणे हे एजंटाचे कर्तव्य, हेही दोन्हीकडे समान.

स्थानिक ज्ञान तेवढे वेगळे राहते. बंगळूरुत ए-खाता आणि बी-खाता यांतील भेद, ई-खात्याची सक्ती, महसुली जमिनीवर पाडलेल्या भूखंडांची जोखीम या बाबी महाराष्ट्राच्या अभ्यासक्रमात येत नाहीत, आणि सातबारा वाचणे कर्नाटकातील एजंटाला सहसा येत नाही.

नूतनीकरणाची तारीख

नोंदणीची मुदत पाच वर्षे. कर्नाटकात मुदत संपण्याच्या किमान तीन महिने आधी नमुना ‘जे’ मध्ये नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो. महाराष्ट्रात ही पूर्वसूचना साठ दिवसांची आहे. दोन राज्यांत नोंदलेल्या एजंटांची येथे हमखास चूक होते : ते एकाच तारखेची नोंद ठेवतात आणि कडक असलेला कर्नाटकाचा नियम हुकतो. नूतनीकरणाच्या अर्जासोबत पहिल्या अर्जाची कागदपत्रे अद्ययावत करून द्यावी लागतात. त्यामुळे मधल्या काळात पत्ता बदलला, भागीदार निघून गेला किंवा संचालक नवा आला, तर ती नोंद वेळेवर न केल्याचे याच टप्प्यावर उघड होते. मुदत संपल्यानंतर घडवून आणलेला व्यवहार हा नोंदणीविना केलेला व्यवहार ठरतो आणि कलम ६२ चा दिवसाचा हिशेब सुरू होतो.

ग्राहकाला हे सारे तपासण्याची सोय कायद्यानेच केली आहे. कलम ३४ नुसार प्रत्येक प्राधिकरणाने नोंदलेल्या एजंटांची नावे व छायाचित्रे संकेतस्थळावर ठेवायची असतात आणि ज्यांची नोंदणी फेटाळली वा रद्द केली त्यांचीही. नाव, क्रमांक आणि वैधतेची तारीख या तीन गोष्टी पाहायला पाच मिनिटे लागतात.

कर्नाटकात २०१७ च्या दुसऱ्या सहामाहीत नोंदलेल्या पहिल्या फळीतील एजंटांचे पहिले नूतनीकरण २०२२ मध्ये झाले. त्यांपैकी ज्यांचे प्रमाणपत्र ऑगस्ट २०२७ च्या अखेरीस संपते, त्यांनी दुसऱ्या नूतनीकरणाचा अर्ज मे २०२७ संपण्यापूर्वी करायचा आहे.